बुरशी म्हणून विकलेला विषाणू

फुलायच्या वयाला आलेले कॅटलिया जातीचे एक ऑर्किड मी एका विक्रेत्याकडून घेतले, तेव्हा त्याच्या दोन जुन्या पानांवर शिरांच्या दिशेने गेलेल्या काळपट रेषा होत्या, आणि त्या मला दिसत होत्या. मी त्याविषयी विचारलेही. विक्रेता न अडखळता म्हणाला, "पानांवर पाणी राहिलं की अशी बुरशी येते. दोन-तीन फवारण्या केल्या की थांबेल." त्याने रोपासोबत बुरशीनाशकाची एक पुडीही दिली, तिचे पैसे घेतले नाहीत, आणि माझा विश्वास बसला तो मुख्यतः त्या फुकटच्या पुडीमुळे. रोपाचा फुलदांडा बुडापासून कापलेला होता आणि एका पानाचा शेंडाही ताजा छाटलेला होता. या दोन गोष्टींचा अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी लागला.

पुडीत कार्बेन्डाझिम होते. सांगितल्याप्रमाणे मी तीन फवारण्या केल्या, पाणी सकाळी आणि फक्त मुळांशी देऊ लागले, कुंडी हवेशीर जागी हलवली. डाग वाढले नाहीत. पुढे नवा कोंब आला आणि त्याचे पान स्वच्छ, हिरवेगार निघाले, तेव्हा मी त्या विक्रेत्याला आभाराचा सविस्तर निरोप पाठवला. फसवणूक नेमकी कशावर उभी होती, ते इथेच सांगायला हवे. पक्व पानावरची मेलेल्या पेशीजालाची रेषा फवारणी करा किंवा करू नका, बहुधा आहे तेवढीच राहते. आणि विषाणूग्रस्त रोपाचे कोवळे पान सुरुवातीला पुष्कळदा निर्दोष दिसते, ते जून होऊ लागले की मग खुणा उमटतात. म्हणजे औषधाने काहीही केले नाही तरी श्रेय औषधालाच मिळते, आणि पुढे डाग परतले तर दोष पाणी घालणाऱ्याचा ठरतो. 'बुरशी' हा शब्द विकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी सोयीचा असतो.

त्या कोंबाला फूल आले. जांभळट पाकळ्यांवर रंग सारखा पसरलेला नव्हता. कुठे गडद ओरखडे, कुठे फिकट पट्टे. आठव्या-नवव्या दिवशी त्याच पाकळ्यांवर तपकिरी रेषा उमटल्या. मी पुन्हा विचारले. यावेळी उत्तर आले की ही बॉट्रायटिस बुरशी आहे, गारठा आणि दमटपणा यांमुळे येते. बॉट्रायटिसविषयी तो जे बोलला ते खरे होते, फक्त ते माझ्या फुलाला लागू नव्हते. बॉट्रायटिसचे डाग पाकळ्यांवर बारीक ठिपक्यांसारखे विखुरलेले येतात आणि ओलावा टिकला तर त्यांवर राखाडी लव धरते. इथे लव नव्हती, ठिपके नव्हते, आणि रंगाचा विस्कोट तर फूल उमलतानाच दिसत होता. रंगाची अशी मोडतोड बुरशी करत नाही. (पांढऱ्या फुलाच्या रोपात ही खूण दिसलीही नसती, कारण मोडायला रंगच नसतो.)

मग मी पानांकडे नीट पाहायला शिकले. कोलेटोट्रायकम या बुरशीने होणाऱ्या करप्याचा डाग खोलगट असतो, त्याला कड असते, आत एकाआड एक वलये दिसतात आणि जुन्या डागावर टाचणीच्या टोकाएवढे काळे उंचवटे येतात. सर्कोस्पोराचा डाग आधी पानाच्या मागच्या बाजूला पिवळा दिसतो आणि नंतर काळपट, अनियमित होत जातो. तांबेरा असेल तर मागच्या बाजूला नारिंगी भुकटी हाताला लागते. पाणचट, दुर्गंधी येणारी आणि पाहता पाहता पसरणारी सड असेल तर ती बुरशीचीही नसते, बहुधा जिवाणूंची असते. माझ्या पानांवर यांपैकी काही नव्हते. पान उजेडासमोर धरल्यावर मात्र हिरव्यात मिसळत गेलेले, कड नसलेले फिकट लांबट पट्टे दिसले, आणि तेही सर्वांत नव्या पानात, ज्यावर मी पाण्याचा थेंबही पडू दिला नव्हता. तरीही डोळ्यांचा निकाल अंतिम मानू नये. विषाणूचे जुने काळे डागही खोलगट होतात आणि फसवतात.

म्हणून मी विषाणू ओळखणारी पट्टी-चाचणी केली. पानाचा लहान तुकडा सोबतच्या द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची आणि थोड्या वेळाने रेषा पाहायच्या, इतकेच ते काम असते. सिम्बिडियम मोझॅइक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, ऑर्किडमध्ये जगभर सर्वाधिक आढळणारे हे दोन्ही विषाणू निघाले. दुसऱ्या पानावर चाचणी पुन्हा केली, निकाल तोच आला. यावर औषध नाही. कोणतेही बुरशीनाशक विषाणूला स्पर्शही करत नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. 'बुरशीचे' पान काढताना वापरलेली कात्री मी नुसती पुसून इतर रोपांवर चालवली होती. हे दोन्ही विषाणू पसरवणारा कीटक ज्ञात नाही. ते पसरतात रोपाच्या रसातून, म्हणजे कात्रीतून, बोटांतून, पुन्हा वापरलेल्या कुंडीतून, आणि रिंगस्पॉटचा विषाणू तर वाळलेल्या रसातही दीर्घकाळ टिकतो. इतर अकरा रोपे तपासली, त्यांतली दोन बाधित निघाली. त्यांपैकी फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या पानावर एकही डाग नव्हता आणि ते माझ्याकडचे सर्वांत देखणे रोप होते. तिन्ही रोपे मी नष्ट केली. आता प्रत्येक रोपाला नवे पाते वापरते, किंवा कात्री ज्योतीवर तापवते, नाहीतर ट्रायसोडियम फॉस्फेटच्या संपृक्त द्रावणात बुडवून ठेवते. नुसते स्पिरिट फिरवणे या विषाणूंच्या बाबतीत भरवशाचे नाही.

विक्रेत्याला निकालाचे छायाचित्र पाठवले, तर तो म्हणाला की लागण माझ्याकडेच झाली असणार, कारण त्याचे मातृरोप ऊतिसंवर्धनातले, म्हणजे प्रयोगशाळेत रोपाच्या लहान तुकड्यापासून वाढवलेले आहे आणि तशा रोपात विषाणू असूच शकत नाही. ही थाप ऐकायला शास्त्रीय वाटते. जॉर्ज मोरेल यांनी 1960 मध्ये सिम्बिडियम या ऑर्किडच्या कोंबाच्या अग्रातल्या अतिसूक्ष्म भागापासून विषाणूमुक्त रोपे मिळवण्याची पद्धत मांडली, हे खरे आहे. पण बाधित मातृरोपाचा कोंब न तपासता वाढवला, तर प्रयोगशाळेतून बाधित रोपेच शेकड्यांनी बाहेर पडतात. शिवाय मला विकलेले रोप ऊतिसंवर्धनातले नव्हतेच, ते जुन्या रोपाची फाळणी करून काढलेले होते, हे त्यानेच विकताना अभिमानाने सांगितले होते.

अजाणतेपणी झाले असेल, असे मी तोवर धरून चालले होते. पुढे त्याच मातृरोपाचा तुकडा माझ्या वर्षभर आधी घेतलेली एक व्यक्ती भेटली. तिनेही चाचणी केली होती, दोन्ही विषाणू निघाल्याचे त्याला तेव्हाच कळवले होते, आणि तिलाही बुरशीनाशकाची पुडी मिळाली होती. कापलेला फुलदांडा आणि छाटलेला शेंडा यांचा उलगडा तेव्हा झाला: फुलाने आणि पानाने जे सांगितले असते, ते आधीच काढून टाकले होते.

डाग असलेले रोप कोणी 'किरकोळ बुरशी' म्हणून देत असेल, तर चाचणीचा निकाल मागावा, फूल उमलून आठ-दहा दिवस झाल्यानंतरचे छायाचित्र मागावे, आणि घेतलेच तर पहिल्या फुलापर्यंत ते इतरांपासून दूर ठेवून दोनदा तपासावे, कारण एकाच पानाचा नकारात्मक निकाल पुरेसा नसतो. पूर्वीच्या गिऱ्हाइकाचा खुशीचा निरोप पुरावा म्हणून दाखवला गेला, तर तो कधीचा आहे एवढे विचारावे. स्वच्छ पान पाहून मी पाठवलेला आभाराचा निरोप तो विक्रेता अजूनही नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो. काढून टाकायला मी दोनदा सांगितले, त्याने उत्तर दिलेले नाही.