युरोपियम की एर्बियम? सोलर सेलसाठी फॉस्फर निवडताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला रेअर अर्थ फॉस्फर (युरोपियम, एर्बियमसारखी मूलद्रव्यं घातलेली, एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणारी पावडर) घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं: पावडर सेलच्या वर लावायची की खाली? सेलमधल्या सिलिकॉनला साधारण 1100 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचाच प्रकाश पचतो. त्यापलीकडचा अवरक्त आरपार निघून जातो. अतिनील शोषला जातो, पण त्याची बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया जाते.

युरोपियम वर लावायचं. ते अतिनील घेऊन 612 नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतं. सीएफएलमधला लाल तोच. बनवायलाही सोपं. नायट्रेट आणि युरिया चिनी मातीच्या बशीत कालवून 500 अंशांच्या मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) सरकवा. मिश्रण उकळतं, फुगतं, भक्कन पेटतं आणि काही मिनिटांत बशीत पांढरा फेस उरतो. 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली तो लालभडक दिसला की पोरं खूश! इथेच फसगत होते. जमिनीवर पोचणारं ऊन जवळपास 300 नॅनोमीटरपासून सुरू होतं, म्हणजे दिव्याखालची ती चमक उन्हात उपयोगाची नाही. 300 ते 400 मधलं नीट शोषायला बऱ्याचदा युरोपियमभोवती सेंद्रिय रेणू बांधावे लागतात, आणि तेच उन्हात खराब होतात.

एर्बियम सेलच्या मागे. 1520 नॅनोमीटरचे दोन फोटॉन (प्रकाशकण) जोडून ते 980 चा एक देतं; यालाच अपकन्व्हर्जन म्हणतात. सेल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारा हवा, मागे आरसा हवा. यटर्बियम-एर्बियमची जोडी मात्र सिलिकॉनमागे लावू नका: ती 980 वर चालते, आणि तो प्रकाश सिलिकॉन स्वतःच खातं. ती पेरोव्स्काइट सेलसाठी ठीक, कारण ते 980 चा प्रकाश शोषत नाहीत. कागदावर अपकन्व्हर्जन वापरणाऱ्या सेलच्या कार्यक्षमतेची मर्यादा 47.6 टक्के, डाउनकन्व्हर्जनची (मोठ्या ऊर्जेच्या एका फोटॉनचे दोन लहान करण्याची) 38.6. पण दोन फोटॉन लागत असल्यामुळे प्रकाश निम्मा झाला की उत्पादन चौथाईवर येतं. लेझरखाली हिरवा ठिपका झकास दिसतो, साध्या उन्हात जवळपास काहीच हाती लागत नाही.

या डाउनकन्व्हर्जनलाच क्वांटम कटिंगही म्हणतात. त्यात यटर्बियम घातलेल्या सीझियम-लेड-क्लोराइडचे आकडे देखणे आहेत, पण शिसं आलं, आणि ते पीएच.डी.चं काम.

सहा महिने हातात असतील तर मी युरोपियमच घ्यायला सांगेन. फक्त एक सेल कोऱ्या, युरोपियम नसलेल्या लेपाचाही मोजा. नुसत्या लेपानेही परावर्तन घटून करंट वाढतो, आणि व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो.