खालच्या बँडांवर बोलण्यासाठी आयकॉम आयसी-७३००: इंदूरच्या गच्चीवरून परीक्षण

हौशी (हॅम) रेडिओचा परवाना हाती पडला की आयकॉमचा आयसी-७३०० हा ऐकण्या-बोलण्याचा रेडिओ सेट घ्यावा का, हा प्रश्न येतोच. उत्तर बँडवर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीच्या पट्ट्यात बोलायचे यावर ठरते. २० किंवा १० मीटरवर हा सेट खोक्यातून काढून जोडला तरी काम भागते. १६०, ८० आणि ४० मीटरवर (सुमारे १.८, ३.६ आणि ७ मेगाहर्ट्झ), जिथे सगळे बोलणे मुख्यतः एलएसबीत (आवाजाची एकच बाजूपट्टी पाठवणाऱ्या एसएसबी पद्धतीतली खालची बाजू) चालते, तिथे तसाच जोडला तर कानात खरखर येते आणि समोरच्याला आपला आवाज घोगरा ऐकू जातो. या दोन्ही गोष्टी सुधारता येतात. त्या सुधारायची तयारी असेल तर खालच्या बँडांसाठी या किमतीच्या पट्ट्यात माझी पहिली पसंती हाच सेट.

सेट २०१६ चा. अँटेनावरून आलेला सिग्नल थेट डिजिटल करणारा, ४.३ इंची टच पडदा, एसएसबीत १०० वॅट, एएममध्ये २५. पुरवठा १३.८ व्होल्टचा आणि पूर्ण पॉवरला २१ अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून पॉवर सप्लाय २५ ते ३० अँपिअरचा हवा. स्वस्त स्विचिंग सप्लाय मात्र ८० मीटरवर स्वतःच गोंगाट करतो. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उत्तम, कारण सेटला १५ टक्के कमी-जास्त व्होल्टेज चालते आणि बॅटरी मुळीच आवाज करत नाही.

इंदुरात खरी अडचण ऐकण्याची आहे. दाट वस्तीत प्रत्येक घरात एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर, गच्चीवर सोलर. संध्याकाळी ८० मीटरवर सिग्नलची ताकद दाखवणारा काटा एस ७ ते एस ९ वर नुसत्या गोंगाटानेच बसून राहतो. इथे या सेटचा पडदा कामाला येतो. सेट बॅटरीवर चालवा, स्कोपचा (बँडवरचे सिग्नल दाखवणाऱ्या आलेखाचा) स्पॅन ±२५० किलोहर्ट्झ ठेवा आणि घराची मेन एमसीबी खाली पाडा. वॉटरफॉलवर (त्या आलेखाच्या वेळेनुसार सरकणाऱ्या चित्रावर) सारख्या अंतराने उभ्या पट्ट्या दिसत असतील आणि त्या एमसीबीबरोबर नाहीशा झाल्या, तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. पट्ट्या तशाच राहिल्या तर उगम बाहेर आहे, आणि तिथे घरातल्या तारांवर चढवलेले फेराइट (गोंगाट अडवणारे कडे) काही करणार नाही. हा शोध साध्या मीटरवर घ्यायचा तर चार रविवार जातात, स्कोपवर अर्धा तास पुरतो.

रिसिव्हरच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत मोठी चूक प्रीअँपची (आलेला सिग्नल आधीच वाढवणाऱ्या भागाची) होते. १६० ते ४० मीटरवर प्रीअँप बंदच हवा. बाहेरचा गोंगाट सेटच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी वर असतो, त्यामुळे प्रीअँपने फक्त मीटर चढतो, समजणे वाढत नाही. पडद्यावर ओव्हीएफ (सिग्नल झेपेनासा झाल्याची खूण) चमकला तर आधी आरएफ गेन (रिसिव्हरची संवेदनशीलता) उतरवा, मग सिग्नल कमी करणारा २० डेसिबलचा अॅटेन्युएटर, आणि जोरकस सिग्नल सोसण्यासाठीची आयपी प्लस सोय चालू. फिल्टर मुळात ३.०, २.४ आणि १.८ किलोहर्ट्झचे येतात. गर्दीत दुसरा घ्या आणि ट्विन पीबीटीने (फिल्टरच्या कडा सरकवणाऱ्या नॉबने) शेजाऱ्याच्या बाजूने चेपा. नॉइज रिडक्शन ३ ते ५ च्या पुढे नेले की व्यंजने पुसली जातात, आणि मराठी-हिंदीत "त" की "द" हेच कळेनासे होते. एजीसीबद्दल (सिग्नलनुसार गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय) एक खास सूचना: माळव्यात एप्रिलअखेरपासून पावसाळा संपेपर्यंत विजेचे तडतडाट ८० आणि १६० मीटर व्यापतात. एजीसी स्लोवर असेल तर प्रत्येक कडाडण्यानंतर रिसिव्हर सहा सेकंदांपर्यंत दबून राहतो आणि अख्खे वाक्य बुडते. या दिवसांत फास्ट किंवा मिड ठेवा. नॉइज ब्लँकर विजेवर नव्हे, मोटारीच्या ठिणगीसारख्या छोट्या, ठरावीक टकटकीवर चालतो. जवळचा जोरकस सिग्नल असताना तो आवाज फाडतो, म्हणून गरज संपली की बंद करा.

आता आपला आवाज. सोबतचा हातमाइक खर्जाकडे झुकलेला आहे. टोन कंट्रोलमध्ये एसएसबीचा बेस उणे २ आणि ट्रेबल अधिक ३ पासून सुरुवात करा. प्रक्षेपणाची रुंदी वाइड, मिड, नॅरो अशी तीन खणांत साठवता येते. मुळात वाइड १०० ते २९०० हर्ट्झ असते. ती शांत वेळेत गप्पांना छान, पण १०० वॅटची बरीच ताकद खर्जात जिरते. दूरच्या किंवा गोंगाटातल्या संपर्कासाठी मिड, म्हणजे ३०० ते २७००, हेच खालच्या बँडांचे खरे सेटिंग. माइक गेन असा ठेवा की सर्वसाधारण बोलण्यात एएलसीचा (आवाज प्रमाणाबाहेर गेला की पॉवर आवरणाऱ्या सोयीचा) काटा त्याच्या पट्टीच्या आत राहील. काँप्रेशन (हळू आवाज उचलून सरासरी ताकद वाढवणे) चढवा, पण कॉम्प मीटर १० ते २० डेसिबलच्या पट्टीबाहेर जाऊ देऊ नका. त्याच्या पुढे गेलात तर दोन शब्दांच्या मधल्या जागेत पंख्याचा आवाज सगळ्या नेटला, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या सगळ्यांना, ऐकू जातो. मॉनिटर (आपलेच प्रक्षेपण ऐकवणारी सोय) चालू करून हेडफोनवर स्वतःला ऐका; लाउडस्पीकरवर केलेत तर आवाज फिरून माइकात येईल.

एएलसी ठीक असूनही आवाज कर्कश, चिरका जात असेल तर दोष माइकचा नाही. कोएक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या अंगावरून आरएफ, म्हणजे आपलीच रेडिओलहर, शॅकमध्ये (सेटच्या खोलीत) येते आहे. फीड पॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) ती लहर अडवणारा चोक लावा: मिक्स ३१ या फेराइट प्रकाराच्या २.४ इंची टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-५८ चे १२ वेढे. मिक्स ४३ वरच्या बँडांना बरा, १.८ मेगाहर्ट्झवर मिक्स ३१ च हवा.

बँडच्या कडेला एलएसबीत डायलचा आकडा फसवतो. आवाज डायलच्या खाली जवळपास ३ किलोहर्ट्झ पसरतो. परवान्यात १८२० किलोहर्ट्झपासून मुभा असेल तर डायल १८२३ च्या खाली आणायचा नाही. रेस्ट्रिक्टेड (खालच्या श्रेणीच्या) परवान्याची मर्यादा ५० वॅट, म्हणून आरएफ पॉवर अर्ध्यावर आणून वॉटमीटरने पडताळा.

सेट आणि अँटेना जुळवणारा अंगभूत ट्यूनर ३:१ एसडब्ल्यूआरपर्यंतच (अँटेना किती बेमेल आहे ते सांगणारे गुणोत्तर) जुळवतो. हा ट्यूनर वाईट नाही, पण लोक त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात. आणीबाणीच्या मोडमध्ये तो १०:१ पर्यंत जातो, तेव्हा पॉवर ५० वॅटवर थांबते, नाइलाजाला ठीक. आधी तार नीट कापा. ३६५० किलोहर्ट्झसाठी अर्धतरंग डायपोलचा (मधून केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेचा) प्रत्येक हात सुमारे १९.६ मीटर, ७१०० साठी १०.१ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरची प्लॅस्टिक आवरणाची घरगुती वायर वापरलीत तर शेवटी तीन-चार टक्के कमी भरते, तरी सुरुवात लांबच ठेवा. ८० मीटरवर प्रत्येक हाताचे १० सेंटिमीटर कापले की अनुनाद सुमारे १९ किलोहर्ट्झ वर सरकतो, ४० वर तेवढ्यानेच ७०. इन्व्हर्टेड व्हीचा (मध्य उंच, टोके खाली अशा डायपोलचा) मध्य १० मीटरवर आणि टोके ३ मीटरवर असतील तर टोकाटोकांत ३६ ते ३७ मीटर जागा लागते. ती कुठल्याच प्लॉटवर नसते, तेव्हा टोके कंपाउंडच्या कडेने वळवा. त्याने फारसे बिघडत नाही. कोएक्सची चिंता इथे कमीच: ३० मीटर आरजी-५८ मध्ये ८० मीटरवर नुकसान एक डेसिबलच्या आतले.

इतक्या खाली टांगलेली तार सिग्नल जवळपास सरळ वर फेकते, आणि आपल्या कामाला तेच हवे. दुपारी ४० मीटरवर नागपूर (हवाई अंतर सुमारे ३७५ किलोमीटर), पुणे, मुंबई (दोन्ही सुमारे ५१०) आरामात मिळतात. पहाटे आयनावरण विरळ झाले की सरळ वर गेलेला ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल परत येत नाही आणि नागपूर गायब होऊन दूरचेच ऐकू येते. तेव्हा ८० वर या. दिवसा उलट, ८० आणि १६० डी-थरात (आयनावरणाच्या सर्वांत खालच्या थरात) शोषले जातात. दुपारी ८० वर उत्तर आले नाही म्हणून सेटला दोष देऊ नका.

१६० मीटरवर सेटची एक मोठी उणीव उघडी पडते: ऐकण्याच्या अँटेनासाठी वेगळे सॉकेट नाही. ज्या बँडवर प्रक्षेपणाची तार गोंगाट गोळा करते आणि छोटा लूप साफ ऐकवतो, तिथे हे फार जाणवते. आयसी-७३०० च्या नव्या एमके २ आवृत्तीत ही सोय आहे. १६० हेच ध्येय असेल तर तीच घ्या. जुन्या सेटवर लूप मुख्य सॉकेटला लावून ऐकायचे असेल तर आरएफ पॉवर शून्यावर आणा आणि माइक काढून ठेवा, नाहीतर चुकून एकदा पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबले तरी लूपचा प्रीअँप जळेल. प्रक्षेपणाला १० मीटर उभी आणि ३० मीटर आडवी इन्व्हर्टेड एल जमते. खाली १५ ते २० मीटरच्या आठ-दहा रेडियल तारा टाका. माळव्याची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहते; मे महिन्यात भेगा पडल्या की तीच अँटेना वेगळ्या एसडब्ल्यूआरवर जाते, तेव्हा घाबरून तार कापू नका.

एएम चालते आणि गोड वाजते, पण ४० मीटरवर ६ किलोहर्ट्झ अडवणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे. फ्रीडीव्हीसाठी (संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल आवाजाच्या पद्धतीसाठी) यूएसबी केबल एकच पुरते, वेगळे साउंड कार्ड लागत नाही.

हिवाळ्याच्या संध्याकाळी १६० आणि ८० सर्वांत शांत असतात आणि नेमकी तेव्हाच संक्रांत येते. पतंगाचा मांजा तारेत अडकला तर खालून ओढू नका, टोकाची दोरी सैल करून तार उतरवा. आणि पहिला वळीव दिसताच कोएक्स सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. ट्यूनर बंद करणे किंवा सेटचा स्विच दाबणे याने वीज अडत नाही.