खिशात कुठला, कपाटात कुठला? छोट्या घडीच्या चाकूंची कोल्हापुरी तुलना

घडीच्या छोट्या चाकूंचा नाद लागला की पहिला प्रश्न ठरलेला: ओपिनेल घेऊ की व्हिक्टोरिनॉक्स? कुणी असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, रोज खिशात वागवायचा आहे की जपून ठेवायचा आहे? दोन्हीला एकच चाकू क्वचितच पुरतो, आणि कोल्हापुरात तर त्याहून कमी. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जो ओलावा असतो, तो लाकूड आणि पोलाद दोन्हींची परीक्षा घेतो.

ओपिनेलपासून सुरुवात करू. फ्रान्समधल्या सावोयच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू बनवला. १८९७ मध्ये १ ते १२ असे क्रमांक आले, त्यातले १ आणि ११ पुढे बंद झाले. रचना इतकी साधी की हातात घेताक्षणी कळते: बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा आणि वरून फिरणारी पोलादी कडी. ही कडी १९५५ मध्ये आली. ती फिरवली की पातं अडकतं आणि बोटांवर मिटत नाही. ६ क्रमांकापासून पुढच्या चाकूंनाच ती असते, छोट्यांना नाही. ८ क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं. कापडी पँटच्या खिशात ते मोठं वाटतं, म्हणून रोजच्यासाठी मी ६ क्रमांक सुचवतो. त्याचं पातं सात सेंटीमीटरचं आहे आणि पेरू, काकडी, सफरचंदाला पुरून उरतं.

कापण्यात ओपिनेलला तोड नाही. पातं पातळ आहे, त्यामुळे फळात शिरताना ते फळ फाडत नाही. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर बसून काकडी चिरायची, मीठ-तिखट लावायचं आणि सगळ्यांना वाटायची, या कामात माझ्या संग्रहातला दुसरा कुठलाच चाकू इतका आनंद देत नाही.

पण पाऊस सुरू झाला की हाच चाकू हट्टाला पेटतो. लाकूड ओलावा धरून फुगतं, मुठीची खाच आवळते आणि पातं नखाने निघेनासं होतं. सावोयमधल्या लोकांचा यावर जुना उपाय आहे: मुठीचं मागचं टोक टेबलावर जोरात आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग ते बोटांनी ओढायचं. जुलैत मात्र हे रोज करावं लागतं. त्यापेक्षा मे महिन्यातच मूठ नीट वाळवून तिला जवसाचं तेल पाजावं, आणि तेल पुसून दोन-चार दिवस सुकू द्यावं. खोबरेल तेल सगळ्यांच्या घरात असतं, पण थंडीत ते गोठतं आणि खाचेत साचून राहतं. शेंगदाणा तेल काही दिवसांनी चिकट होतं. खिळ्याजवळ ही दोन्ही नकोत.

ओपिनेल दोन प्रकारच्या पोलादात मिळतो, कार्बन आणि स्टेनलेस. जुने शौकीन कार्बनच घ्यायला सांगतात, आणि त्यात तथ्य आहे: त्याला धार पटकन येते आणि ती छान बसते. लिंबू, कैरी, अननस कापलं की पातं निळसर-करडं, मग काळपट होतं. हा थर गंज नाही. तो पोलादाला थोडंफार वाचवतोच, फक्त सुरुवातीला फळाला लोखंडाची चव येते. लाल-तांबूस डाग दिसला तर तो गंज, तो लगेच काढायचा. इथे माझं मत स्पष्ट आहे: कोल्हापुरात खिशात बाळगायचा असेल तर स्टेनलेस घ्या. खिशातला घाम आणि पावसाळी हवा मिळून कार्बनच्या पात्यावर रातोरात डाग पाडतात. रोज रात्री पुसून तेलाचा हात फिरवायला जो आनंदाने तयार आहे, त्यानेच कार्बन घ्यावा. तो निराश होणार नाही.

आता स्वित्झर्लंडकडे, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सकडे. कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये आज आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो त्या अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. यात पात्यामागे पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. उघडताना आणि मिटताना टक् असा आवाज येतो तो तिचाच. कडी, कुलूप काही नाही. त्यामुळे टोक टेकवून दाबायचं, भोक पाडायचं, असलं काम करू नये. पातं मिटलं तर ते थेट बोटांवर येतं.

पेट्या फोडणे, सुतळी कापणे, पार्सलची टेप, सैल झालेला स्क्रू, बाटलीचं झाकण, ही शहरातली रोजची कामं मोजली तर त्यात फळ कापणं थोडंच असतं. इथे व्हिक्टोरिनॉक्स पुढे जातो. ५८ मिलिमीटरचा क्लासिक किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, पण त्याच्या कात्रीचाच उपयोग जास्त, पातं खेळण्याएवढं. माझी पसंती ८४ मिलिमीटरच्या कॅडेटला आहे. नक्षीदार ॲल्युमिनियमची मूठ, सपाट अंग, एक पातं, डबा आणि बाटली उघडायची हत्यारं, नखाची कानस, बस. ॲल्युमिनियम फुगत नाही, पावसाचा त्याच्यावर काही परिणाम नाही. पोलाद थोडं मऊ आहे, म्हणून धार लवकर उतरते, पण दगडावर थोडा वेळ घासलं की परत येते. सांध्यात खिशातला कचरा भरतो. गरम पाण्यात साबणाने धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा.

आणखी एक फरक लोक सहसा बोलून दाखवत नाहीत, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. एसटीत किंवा कचेरीत ओपिनेल उघडला की शेजारचा माणूस दचकतो. लाकडी मुठीतून निघालेलं लांब टोकदार पातं पाहिलं की साहजिक आहे. छोट्या स्विस चाकूने पाकीट फोडलं तर कुणी वळूनही बघत नाही. आपल्या आवडीमुळे दुसऱ्याला भीती वाटू नये, हे चाकू बाळगणाऱ्याने पाळायलाच हवं.

कायद्याचंही इथेच सांगतो. शस्त्र नियम २०१६ मधल्या वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची साधनं त्यातून वगळलेली आहेत. आपले चाकू त्या मापाच्या कितीतरी आत आहेत. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात बंदी आदेश निघतात आणि त्या कलमात चाकूचा, अगदी काठीचाही उल्लेख आहे. असा आदेश लागू असेल तेव्हा चाकू घरीच राहू द्या. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना, न्यायालयात, विमानाच्या हातसामानात तर कधीच नको. बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू आणि रामपुरी मी या तुलनेत धरलेलेच नाहीत. ते माणसावर चालवायच्या हेतूने ओळखले जातात, माझ्या कपाटात त्यांना जागा नाही.

जपानी हिगोनोकामी थोडक्यात. मिकी गावची ही वस्तू: पितळी पत्र्याची दुमडलेली मूठ, पात्याच्या मागे छोटी दांडी, तिच्यावर अंगठा ठेवून पातं उघडायचं आणि अंगठ्यानेच धरून ठेवायचं. कुलूपही नाही, स्प्रिंगही नाही. जपानी मुलं त्याने पेन्सिली तासत. जपायला सुंदर, हाताळायला शिकावं लागतं. पहिला चाकू म्हणून नको.

जपायचंच असेल तर मी तुम्हाला परदेशी चाकूंच्या आधी अडकित्त्याकडे नेईन. चंचीत, खिशात, पानाच्या डब्यात फिरलेलं आपलं छोटं पातं तेच. पितळेचे दोन बाहू, त्यांवर मोर, घोडे, पोपट, कधी माणसांची जोडी, आणि आत बसवलेलं पोलादाचं पातं. कारागिरीचं एवढं वैविध्य मला ओपिनेलच्या सगळ्या क्रमांकांत मिळून दिसत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकदा डोळे भरून पाहा, मग खरेदीला निघा. सुपारी खाणारे कमी झाले तसे घराघरातले अडकित्ते मोडीत जात आहेत, हे मला खरोखर बोचतं. ओपिनेल पुढच्या वर्षीही मिळेल. आजीचा अडकित्ता एकदा भंगारात गेला की गेला.

पण जुना म्हणून नवा गळ्यात मारणारेही आहेत. घेताना दोन्ही बाहू मिटून बघा: पातं खालच्या बाहूवर नीट बसलं पाहिजे. खिळ्याजवळची झीज बघा. वापरलेल्या अडकित्त्याची झीज बोटं आणि सुपारी जिथे लागतात तिथेच असते, नव्या ओतीव मालावर काळपटपणा सगळीकडे सारखा फासलेला असतो. मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची सांगितली तर हात जोडून बाहेर पडा. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. जुन्या चाकूंच्या मुठी सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकच्या, असतील तर ते वेगळे ठेवा. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंनाही गंज चढवतं.

साठवण्याबद्दल एक कोल्हापुरी सूचना. पापाच्या तिकटीवर चप्पल घ्यायला गेलात की त्याच कातड्याची पिशवी शिवून घ्यायचा मोह होईल. जरूर शिवा, दिसते फार सुरेख. पण ते कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. दमट हवेत त्यातला रस पोलादाला काळे डाग पाडतो. म्हणून पिशवी बाहेर नेण्यापुरती, ठेवायला सुती कापड आणि घट्ट झाकणाचा डबा.

धार मात्र सायकलवरच्या चाकावर लावून घेऊ नका. विळी-कोयत्याला ते ठीक, पण पातळ पातं तिथे तापतं आणि त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग पुन्हा कितीही घासलं तरी धार टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला जाड-बारीक असा दोन बाजूंचा दगड घ्या. अडकित्त्याच्या पात्याला तोच दगड चालतो, फक्त खिळा काढायचा प्रयत्न करू नका.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कॅडेट घ्या आणि तो वापरत असतानाच घरातल्या जुन्या पितळी डब्यात अडकित्ता आहे का ते विचारा. सहलींना जाणारे असाल, तर दुसरा स्टेनलेस ओपिनेल. घरात आठ-दहा वर्षांचं मूल हट्ट करत असेल, तर ओपिनेलचाच मुलांसाठीचा गोल टोकाचा ७ क्रमांक पाहा, आणि पहिल्या दिवशी शेजारी बसून त्याच्याकडून एक केळं कापून घ्या.