ग्लार्जीन इन्सुलिनचे पेन: जळगावचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

हिवाळ्यात घरात आलेले ग्लार्जीन (१ मिलिमध्ये १०० युनिट, ३ मिलिचे पेन) आता मे महिना काढून पावसाळ्यात पोहोचले आहे. औषध चोख आहे. त्याचे नसलेले काम त्याच्यावर लादले की मात्र ते उगाच बदनाम होते.

त्याचे काम एवढेच: रात्रभर आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात यकृत रक्तात जी साखर सोडत राहते, तिला आवर घालणे. पेनमधला द्राव आम्लधर्मी असतो, पीएच ४ च्या आसपास, म्हणून पाण्यासारखा नितळ. कातडीखाली पीएच ७.४ मिळाला की त्याचे बारीक कण साकळतात आणि त्यांतून इन्सुलिन साधारण २४ तास थोडे थोडे सुटत राहते. गढूळ दिसणाऱ्या जुन्या एनपीएच इन्सुलिनचा जोर मध्येच चढतो, तसे इथे फारसे होत नाही. त्यामुळे रात्री शुगर लो होण्याचा धोका कमी, शून्य नव्हे. टोचताना कधी चुरचुरते ते आम्लामुळेच, आणि दुसरे इन्सुलिन यात मिसळायचे नाही तेही त्याचमुळे.

म्हणून याची परीक्षा सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर. टाइप २ मधुमेहात डॉक्टर बहुधा १० युनिटांनी सुरुवात करतात आणि आकडा ८० ते १३० मध्ये येईपर्यंत दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवायला सांगतात. रात्री तुपात बुडवलेली वरण-बट्टी खाऊन दोन तासांनी मीटरवर २५० दिसले, तर तो दोष ग्लार्जीनचा नाही. ते उतरवायला याचाच डोस वाढवत नेला की पहाटे शुगर लो. झोपतानाच्या आणि सकाळच्या आकड्यात ५० हून जास्त घसरण दिसू लागली, किंवा डोस वजनाच्या किलोमागे अर्ध्या युनिटापुढे गेला, तर वाढवणे थांबवून डॉक्टरांना आकड्यांची वही दाखवावी. जेवणाच्या साखरेला वेगळे औषध लागते.

आता उन्हाळा. न उघडलेली पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेले पेन फेकायचेच. वापरातले पेन ३० अंशांखाली २८ दिवस, आणि कंपनी म्हणते ते फ्रिजबाहेर ठेवा. जळगाव-भुसावळला पारा ४२-४५ वर असताना ते ठेवायचे कुठे? मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, आत प्लास्टिकच्या कोरड्या डबीत पेन, तोंडावर ओले फडके. कोरड्या हवेत हे छान चालते. लहान मडक्यात थर्मामीटर मात्र ठेवाच, अंदाजावर जाऊ नका. तरीही ३० खाली येत नसेल तर फ्रिजच्या दाराचा कप्पा बरा. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावे. उष्णतेने उतरलेले इन्सुलिन नितळच दिसू शकते. जेवण, डोस सगळे तेच आणि सकाळचा आकडा चढत चालला, तर आधी पेन बदलून पाहावे. मोटारसायकलच्या डिकीत तर कधीच नको.

टोचण्याची पद्धत सोपी, पण घाई चालत नाही. नवी ४ मिमीची सुई, २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब आला का ते पाहणे, मग डोस. बटण दाबून सावकाश १० मोजायचे आणि मगच सुई काढायची. सुई तशीच लावून ठेवली की थेंब गळतात, हवा शिरते आणि पुढचा डोस कमी भरतो. पोटावर रोज एक बोट सरकून टोचावे. एकाच जागी टोचले की तिथे चरबीच्या गाठी येतात. तिथे दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात, आणि इन्सुलिन कधी लागू पडते, कधी नाही. गाठ सोडून चांगल्या जागी आल्यावर तोच डोस जास्त ठरू शकतो, तेव्हा त्या आठवड्यात मीटर जास्त वेळा लावा.

हिशेब: १० युनिटांचा डोस आणि २ हवेतले, म्हणजे ३०० युनिटांचे पेन २५ दिवस. डोस ६ असेल तर २८ दिवसांनंतरही उरते. ते टाकावे लागते, आणि ते खटकते.

पेनऐवजी बाटली घेणाऱ्यांसाठी: ग्लार्जीनला १०० युनिटांचीच सिरिंज, नारिंगी टोपणाची. लाल टोपणाची ४० ची (१ मिलिला ४० युनिट धरणारी) सिरिंज घेऊन १० च्या रेषेपर्यंत भरले तर अंगात २५ युनिट जातात. मेडिकलवाल्याने घाईत कुठलीही दिली तरी टोपण आणि छापील आकडा काउंटरवरच पाहून घ्या.