वाचनालयाचं पहिलं वर्ष: मंडप घालावा की वही उघडावी?

तुमच्या गावच्या वाचनालयाला वर्ष होतंय आणि कमिटीत दोन तट पडलेत, असं कळलं. एक म्हणतो, मंडप घालून पाहुणा बोलवू. दुसरा म्हणतो, हिशेब वाचू, चहा घेऊ आणि घरी जाऊ. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या वाचनालयात दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो.

आधी समारंभ. मंडप, खुर्च्या, स्पीकर आणि त्याचा परवाना, शाल-श्रीफळ, पाहुण्याची गाडी, कुंदा ही बेळगावची मिठाई. बॅनरवर कुठली भाषा किती मोठी, यावर आपल्याकडं एक बैठक वेगळी. आमच्या पहिल्या वर्षी अंगण भरलं, भाषणं रंगली, आणि पुढच्या सोमवारी वाचनालयात नेहमीचीच चार डोकी. तरी ते वाया गेलं म्हणणार नाही. एरवी उंबरा न ओलांडणाऱ्या बायका त्या दिवशी आत आल्या, कपाटं बघून गेल्या. आणि देणगी मिळते ती मंडपातच. हिशेब ऐकून कुणी खिशात हात घालत नाही.

वहीची, म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीचा हिशेब वाचायची संध्याकाळ स्वस्त, पण अवघड. समजा 80 सभासद आहेत आणि वर्षात 240 पुस्तकं घरी गेली. माणशी तीन, ऐकायला बरं. पण त्यातली 150 दहाच जणांनी नेली असतील, तर उरलेल्या 70 जणांच्या वाट्याला 90. पावती फाडली म्हणजे वाचक झाला असं नव्हे. मग पुस्तकांकडून बघा: मागच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडली नाही अशी किती? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. देणगीत आलेले आमचे जाडजूड ग्रंथ अजून कोरे आहेत. भरतीपरीक्षेची पुस्तकं मात्र बांधणी सुटेपर्यंत फिरली.

आकडे महिन्यामहिन्याने मांडा. भातलावणीत आणि सुगीत ते पडणारच, त्याला अपयश समजू नका. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाशी तर तुलनाच नको. ते 1848 चं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो वेगळाच आकडा: कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जाणारी किती पोरं मराठी गोष्टीचं पुस्तक घरी नेतात? यांच्या घरात मराठी बोलली जाते, पण दप्तरात ती नसते. ही पोरं गर्दीत मोजता येत नाहीत, वहीत सापडतात. आमच्याकडं अशीच एक पोरगी पुस्तक परत करताना म्हणाली, "जोडाक्षरं आज्जीला विचारली." तिची आज्जी सभासद नव्हती, म्हणजे तिचं वाचन आमच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. तेव्हापासून आम्ही वहीत 'घरी आणखी कोण वाचतं' असा रकाना ओढलाय.

तेव्हा माझं मत: पहिल्या वर्षी वही, मंडप पाचव्याला. छप्पर गळत असेल, कपाटाला पैसे हवे असतील तर मंडप खुशाल घाला, पण पाहुण्याच्या भाषणाआधी वहीतल्या पाच ओळी वाचा. नंतर लोक जेवणाकडं बघतात. आणि तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीला येत असेल तर पुढं ढकला. 1 तारखेला कर्नाटकचा राज्योत्सव आणि त्याच दिवशी सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस, त्या आठवड्यात परवान्याच्या मागं कोण धावणार? शिवाय भात कापायला आलेलं असतं.