जुन्या गाडीवर वॉरंटी पॅकेज घ्यायच्या आधी हे वाचा, आमचे 22 हजार गेलेत

कोल्हापुरात कुणी सेकंड हँड गाडी बघत असेल तर हे पूर्ण वाचा. गाडीचा भाव ठरला की डीलर हळूच एक्स्टेंडेड वॉरंटीचा, म्हणजे जादा पैसे भरून पुढच्या बिघाडाचा खर्च कंपनीवर टाकायच्या पॅकेजचा विषय काढतो, आणि ती घ्यायची की नाही हे तिथंच खुर्चीत बसून पाच मिनिटांत ठरवायला लावतो. आमच्या घरात हे झालंय म्हणून सांगतोय. डीलरचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे, पण पद्धत सगळी सांगतो, कारण हीच पद्धत दुसरीकडंही चालू असणार याची मला खात्री आहे.

गाडी 2017 ची डिझेल एसयूव्ही, 78 हजार किलोमीटर पळालेली, 6 लाख 40 हजारला ठरली. धाकट्या भावाला कामासाठी रत्नागिरीकडं सारखं जावं लागतं म्हणून डिझेलच पाहिजे होती. सेल्सवाल्यानं एक गुळगुळीत ब्रोशर पुढं ठेवलं, त्यात इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), इंजेक्टर, एसी कॉम्प्रेसर सगळ्यापुढं बरोबरच्या खुणा, आणि वर पेनानं गोल करून म्हणाला, "दादा, एक वर्ष काय बी होऊ दे, कंपनी बघतीय, तुम्ही फक्त फोन करायचा." भावानं त्या ब्रोशरचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपला टाकला. नियमांचं पुस्तक मागितलं तर "ते मेलवर येतंय, पैसे भरल्याशिवाय जनरेटच होत नाही" असं उत्तर. 22 हजार भरले. पावतीवर वॉरंटी हा शब्दच नव्हता, "डॉक्युमेंटेशन व सर्व्हिस चार्जेस" असं होतं. विचारलं तर म्हणे आमच्या सिस्टिममध्ये तसंच पडतं. नंतर मेलवर सर्टिफिकेट आलं, खाली एक लिंक आणि लिंकमध्ये बारीक अक्षरातलं भलंमोठं पुस्तक.

पावसाळ्यात साखरप्याकडनं आंबा घाट चढताना गाडीचा पिकअप गेला, मागनं काळा धूर, आणि इंजिन लाईट लागून गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे कितीबी रेस करा पुढं जाईना. कशीबशी मलकापूरपर्यंत आणली आणि तिथनं टो करून कोल्हापूर. बाहेरच्या मेस्त्रीनं हात लावला तर क्लेम बाद, परवानगीशिवाय काम केलं तरी बाद, म्हणून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागली. मग वॉरंटी कंपनी (गाडी बनवणारी नव्हे, वॉरंटी देणारी वेगळी) म्हणाली खोलून फोटो पाठवा. खोलायचा खर्च आपला, क्लेम मंजूर झाला तरच परत मिळतो. टर्बोच्या शाफ्टमध्ये प्ले होता, म्हणजे दांडा झिजून ढिला झालेला, ऑइलच्या वाटेत काळा गाळ साचलेला. एस्टिमेट 68 हजार.

पहिलं उत्तर आलं, तुमच्या प्लॅनमध्ये टर्बो नाही. आम्ही ब्रोशरचा फोटो पाठवला. मग कारण बदललं, हा दोष गाडी घ्यायच्या आधीपासूनचा आहे, आधीच्या मेंटेनन्सच्या हलगर्जीपणामुळं झालाय, म्हणून देता येत नाही. डीलरकडं गेलो तर तो म्हणतो आम्ही फक्त मध्यस्थ, कंपनीशी बोला, आणि कंपनी म्हणते डीलरनं काय सांगितलं ते आम्हाला बंधनकारक नाही. माझा भाऊ शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्याच्या तोंडावरचं बघवत नव्हतं.

खरं काय ते वॉरंटी कंपनीच्या कस्टमर केअरच्या एका मुलीनं फोनवर सांगितलं, तिचे उपकार आहेत. आमच्या नावावर जो प्लॅन ॲक्टिव्ह होता तो सगळ्यात खालचा, फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या पार्टचा, आणि त्याचे डीलरनं कंपनीला भरलेले पैसे जीएसटी धरून 7,800. ब्रोशर मोठ्या प्लॅनचं, पैसे मोठ्या प्लॅनचे आणि सर्टिफिकेट खालच्या प्लॅनचं. वरचे 14,200 कुठं गेले ते त्या पावतीवरच्या शब्दांवरनं कळतंय.

त्याहून वाईट पुढं आहे. गाडी आता भावाच्या नावावर असल्यानं सर्व्हिस सेंटरनं जुनी हिस्ट्री काढून दिली, त्यात आधीच्या मालकाच्या शेवटच्या व्हिजिटला स्पष्ट नोंद आहे की टर्बोचा आवाज येतोय, बदलायला सांगितलं, ग्राहकानं नकार दिला. त्यानंतर गाडी डीलरकडं गेली. ही हिस्ट्री आम्ही गाडी घेताना मागितली होती, तेव्हा "सर्व्हर डाऊन आहे, नंतर देतो" म्हणाला होता.

आता मुद्द्याचं. जुन्या गाडीत जे बिघडतं ते एका दिवसात बिघडत नाही, झीज आधीपासून चालूच असते. आणि वॉरंटीच्या अटीत "आधीपासूनचा दोष" आणि "नॉर्मल वेअर अँड टेअर" हे दोन्ही वगळलेले असतात. म्हणजे ज्यासाठी आपण पैसे भरतो नेमकं तेच नाकारायला त्यांच्याकडं वाक्य तयार असतं. याला उपाय एकच, गाडी घेतानाच ती धडधाकट होती याचा कागद आपल्या हातात पाहिजे. ज्या दिवशी वॉरंटी सुरू होते त्याच दिवसाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं मशीन) लावून काढलेली प्रिंट, तारीख आणि किलोमीटरसकट, त्यावर डीलरची सही-शिक्का. हे द्यायला तो कां कूं करत असेल तर वॉरंटी सोडा, गाडीच सोडा.

पुस्तक वाचायला मिळालंच तर आधी वगळलेल्या गोष्टींचं पान उघडा. क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, रबरी बुश हे बहुतेक कशातच येत नाही. सुरुवातीचे काही दिवस क्लेम करता येत नाही अशी अट असते. एका क्लेमला किती आणि वर्षाला किती मिळणार याची मर्यादा असते, ती गाडीच्या मोठ्या कामाला पुरते का बघा. सर्व्हिस ठराविक किलोमीटरच्या आत अधिकृत ठिकाणी केली नाही तर सगळंच रद्द होतं. आणि पाण्यानं झालेलं नुकसान तर नाहीच. आपल्याकडं 2019 आणि 2021 ला पंचगंगेनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या पॉलिश करून विकल्या जातात. कार्पेट उचलून बघा, सीटच्या रेलला गंज आणि फ्यूज बॉक्समध्ये वाळलेला गाळ दिसला तर मागं फिरा.

गाडी घेताना उद्यमनगरातला ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यायची भावाची इच्छा होती, डीलरनं "आमची गाडी बाहेर खोलून देत नाही" म्हणून अडवलं. रॅम्पवर चढवून, स्कॅनर लावून, गार इंजिन चालू करून आवाज ऐकायला मेस्त्री हजार-दोन हजार घेईल, पण 22 हजारांच्या कागदापेक्षा तो जास्त कामाचा आहे असं माझं ठाम मत झालंय.

सगळ्याच वॉरंटी खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी अजून शिल्लक असेल तर ती नवीन मालकाच्या नावावर करून घेता येते का ते सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर सांगून विचारा, आणि डीलरच्या शब्दावर न राहता स्वतः विचारा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची महागडी गाडी असेल, रिपोर्ट चांगला असेल, पुस्तक आधी हातात असेल तर घेण्यात अर्थ आहे. बाकी वेळी तेच पैसे बँकेत बाजूला ठेवा. आणि जुन्या गाड्यांच्या डीलरला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओकडं नोंदणी करून ऑथोरायझेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, तेही दाखवायला सांगा.

आम्ही आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, डीलर आणि वॉरंटी कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टानं नोटीस दिली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात केस घातलीय. त्यांच्या पुस्तकात लिहिलंय की वाद फक्त त्यांच्या शहरातल्या कोर्टात चालेल, ते वाचून बरेच जण गप्प बसतात. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मात्र जायला लागतं.

व्हॉट्सॲपवरचा तो ब्रोशरचा फोटो, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि हिस्ट्रीची प्रिंट, एवढंच आमच्या हातात आहे आणि वकिलांच्या मते ते कमी नाही. तुमच्यापैकी कुणी डीलरकडनं असलं पॅकेज घेतलं असेल तर गाडी बिघडायची वाट बघू नका, आजच वॉरंटी कंपनीला सर्टिफिकेट नंबर टाकून मेल करा आणि दोन गोष्टी लेखी मागा, माझ्या नावावर कुठला प्लॅन आहे आणि त्याचे किती पैसे तुम्हाला मिळालेत.