लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा नाशिकमधील वर्ग : एक परीक्षण

नाशिक शहराबाहेरच्या एका खासगी नेमबाजी केंद्रात लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा वर्ग चालतो. गेल्या हिवाळ्यात मी तो पूर्ण केला. केंद्रात शस्त्रे आणि काडतुसे असल्यामुळे नाव व पत्ता जाहीरपणे देऊ नये, अशी चालकांची इच्छा आहे. ती रास्त असल्याने येथे पाळली आहे. वर्गाचे शिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आहेत आणि सगळे विद्यार्थी त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात, म्हणून मीही तेच संबोधन वापरतो.

नाशिकमध्ये असा वर्ग निघावा, यात नवल नाही. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र देवळालीत असल्यामुळे गोळा किती उंचावरून कुठे पडेल याचे गणित जाणणारी माणसे या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी योगाच्या आधारे नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेण्याचे काम इथेच राहून केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून) या रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे हाही नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला नेमबाज. हा वर्ग मात्र पदकांसाठी नाही. दूरवरच्या लक्ष्यावर गोळी झाडण्याची विद्या नेमकी काय आहे, शिकारीच्या जगात तिचा उपयोग आणि गैरउपयोग कसा होतो आणि गोळी कधी झाडू नये, हा त्याचा विषय आहे. परदेशातल्या शिकाऱ्यांनी हजार यार्डांवरून हरीण पाडल्याच्या चित्रफिती पाहून आलेली तरुण मुले आमच्या तुकडीत बरीच होती. वर्ग खऱ्या अर्थाने त्यांच्यासाठी आहे, असे माझे मत झाले.

केंद्राची रेंज केवळ ५० मीटरची आहे आणि सराव पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या हलक्या गोळीच्या रायफलवर होतो. लांब पल्ल्याचा वर्ग म्हणून ही मोठी उणीव वाटेल, परंतु सुभेदारसाहेबांनी तिच्यातून चांगला मार्ग काढला आहे. मोठ्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे ज्या भागात असतात, तो भाग साधारण २४ सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर १,००० मीटरवरचे ते वर्तुळ ५० मीटरवर १२ मिलिमीटरचे दिसते आणि ३०० मीटरवरचे ४० मिलिमीटरचे. अशी वर्तुळे छापलेले कागद समोर लावले जातात. ५० मीटर स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणजे हजार मीटरवरून जनावरावर बिनचूक नेम धरण्याच्या गोष्टी करणारा माणूस प्रत्येक गोळीला जवळजवळ ऑलिंपिकचा ‘दहा’ मारण्याचा दावा करत असतो, आणि तोही वाऱ्याचा व गोळीच्या उताराचा विचार न करता. कागदावरचे ते इवलेसे वर्तुळ पाहिल्यावर वर्गात पसरलेली शांतता मला फार बोलकी वाटली.

वर्गाचा गाभा गणिताचा आहे आणि तो उत्तम शिकवला जातो. उदाहरणासाठी पॉइंट थ्री झिरो एट विंचेस्टर हे जगभर प्रचलित असलेले काडतूस घेतले आहे. १७५ ग्रेन (सुमारे ११ ग्रॅम) वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघते. १०० यार्डांवर झिरो केलेल्या, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवलेल्या रायफलमधून ३०० यार्डांवर ती सुमारे ३५ सेंटीमीटर खाली उतरते, तर १,००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, सुमारे १० मीटर खाली जाते. हा उतार दुर्बिणीची चकती फिरवून भरून काढता येतो, कारण गुरुत्वाकर्षण रोज तेच असते. वारा रोज सारखा तर नसतोच, पण दोन झाडांमधलाही सारखा नसतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हीच गोळी १,००० यार्डांवर दोन मीटरांहून अधिक ढकलतो. वाऱ्याचा अंदाज ताशी केवळ १.६ किलोमीटरने चुकला, तरी गोळी सुमारे २४ सेंटीमीटर बाजूला जाते, म्हणजे वर्तुळाच्या मध्यावर धरलेला नेम वर्तुळाबाहेर पडतो आणि फुप्फुसाऐवजी पोट किंवा पाय फुटतो. तीच चूक ३०० यार्डांवर जेमतेम दोन सेंटीमीटरची ठरते. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून सुभेदारसाहेब बराच वेळ काही बोलत नाहीत, आणि मला वाटते तेवढ्यात अर्धा वर्ग शिकवून होतो.

याला आणखी दोन गोष्टी जोडायला हव्यात. रायफल कितीही चांगली असली, तरी तिच्या गोळ्या एकाच भोकातून जात नाहीत. एक मिनिट कोनाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फैलाव असलेली रायफल चांगली मानली जाते आणि तो फैलाव १,००० मीटरवर २९ सेंटीमीटरचा होतो. म्हणजे माणसाचा हात आणि वाऱ्याचा अंदाज निर्दोष असला, तरी यंत्राची स्वतःची अनिश्चितता त्या वर्तुळाहून मोठी असते. दुसरी गोष्ट वेळेची. गोळीला १,००० यार्ड कापायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो. चरणारे जनावर तेवढ्या वेळात एक पाऊल सहज टाकते, आणि चाप ओढताना हृदय जिथे होते तिथे गोळी पोचते तेव्हा आतडी आलेली असतात. हा दोष कोणत्याही संगणकाने, कोणत्याही महागड्या दुर्बिणीने दूर होत नाही. शिवाय एवढ्या अंतरावर गोळीचा वेग निम्म्याहून खाली आणि ऊर्जा चौथाईहून कमी होते. त्यामुळे शिकारीसाठी बनवलेल्या नरम टोकाच्या अनेक गोळ्या शरीरात गेल्यावर पसरत नाहीत आणि जनावर तत्काळ मरत नाही.

वारा वाचण्याचा धडा रायफल न घेता, त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्यांवर झाला. पांडवलेणीच्या वाटेवर बसून खालचा महामार्ग, त्यापलीकडची झाडे आणि शेते दुर्बिणीतून पाहायची, अंतराचा अंदाज वहीत लिहायचा आणि मग लेझर यंत्राने तो तपासायचा, असा तो सराव होता. उतारावरून खाली पाहताना अंतराचा अंदाज किती फसतो, ते तिथे कळते. तापलेल्या रस्त्यावरच्या हवेच्या लाटा कोणत्या दिशेला वाहतात त्यावरून वारा ओळखायचा, उसाचे तुरे आणि द्राक्षबागांवरचे आच्छादन कसे हलते ते पाहायचे, आणि आपल्या कानाला लागणारा वारा दरीच्या मधोमध असलेल्या वाऱ्याशी जुळत नाही हे मान्य करायचे. सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूने येणारा वारा ऊन चढल्यावर दिशा बदलतो, हे नाशिककराला अंगवळणी पडलेले असते, पण त्याचा वेग आकड्यात सांगायला कोणी शिकवलेले नसते. हा संपूर्ण वर्गातला सर्वांत चांगला भाग होता आणि तो एका सकाळीत आटोपू नये, असे मला ठामपणे वाटते.

शेवटच्या टप्प्यात प्रत्येकाने स्वतःची मर्यादा ठरवायची असते. पद्धत अशी, की दिवसाची पहिली गोळी, थंड नळीतून, एकदाच झाडायची. शिकारीत दुसरी संधी गृहीत धरता येत नाही, म्हणून सरावाच्या दहाव्या गोळीला किंमत नाही. त्यानंतर मैदानाला धावत फेरी मारून, श्वास चढलेला असताना, गुडघ्यावर बसून आणि काठीच्या आधाराने गोळ्या झाडायच्या, आणि दहापैकी नऊ गोळ्या ज्या वर्तुळात बसतील त्यावरून आपले अंतर काढायचे. जमिनीवर झोपून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मिळालेले अंतर आणि हे अंतर यांत मोठी दरी निघाली. आमच्यातल्या बहुतेकांची मर्यादा २०० मीटरच्या आत आली, आणि त्यात राज्यस्तरीय स्पर्धा खेळलेली मुलेही होती. एका मुलाने विचारले, “साहेब, सराव केला तर चारशेवर जाईन ना?” सुभेदारसाहेबांनी उत्तर दिले, “जाशील. पण ज्या दिवशी वारा कळणार नाही, त्या दिवशी तुझे अंतर परत शंभर.”

नीतीचा भाग या पायावर उभा राहिल्यामुळे तो कोरड्या उपदेशासारखा वाटत नाही. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गअभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने शिकारीतल्या न्याय्य वर्तनाची संकल्पना रुजवली, जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे हे त्यातले मुख्य सूत्र, आणि याच संस्थेने अलीकडच्या काळात अतिदूरच्या गोळीबारावर उघड आक्षेप घेतला आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १६ पौंडांपेक्षा जड रायफल शिकारीला नेता येत नाही, कारण जड रायफल ही मुख्यतः दुरून मारण्यासाठीच असते. म्हणजे जिथे शिकार कायदेशीर आहे आणि लोकांच्या अंगात मुरलेली आहे, तिथेही या प्रश्नावर गंभीर वाद आहे. आपल्याकडे मात्र चित्रफिती येतात, वाद येत नाही.

वर्गातले सर्वांत प्रभावी उदाहरण आपल्याच देशातले होते. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. चारशेहून अधिक माणसांचा बळी तिच्या नावावर होता. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते आणि ती इजा जुन्या बंदुकीच्या गोळीने झालेली होती. नेहमीचे भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असे कॉर्बेट यांचे निदान होते. कोण्या अनामिक शिकाऱ्याने एक गोळी चुकवली, जखमी जनावराचा माग न काढता तो घरी गेला, आणि त्याची किंमत डोंगरातल्या गवत कापणाऱ्या बायकांनी मोजली. जखमी जनावर मिळेपर्यंत माग सोडायचा नाही, हा जुन्या शिकाऱ्यांचा नियम. हजार मीटरवरून गोळी झाडणाऱ्याला तो पाळताच येत नाही. तो त्या जागी पोचेपर्यंत तास उलटतो आणि रक्ताचा पहिला थेंब कुठे पडला हेही त्याला सापडत नाही.

कायद्याचा तास मात्र निराशाजनक होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ९ नुसार भारतात शिकारीवर बंदी आहे, एवढे सांगून पाहुण्या वक्त्यांनी विषय आवरता घेतला. निफाड आणि सिन्नर तालुक्यांतल्या उसात बिबटे राहतात, तिथून रोज मळ्यातून ये-जा करणारे शेतकरी आमच्या वर्गात बसलेले होते, आणि त्यांना कलम ११ समजून घ्यायचे होते. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत आदेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो, प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नसल्याची त्यांची खात्री झाल्याशिवाय अनुसूची १ मधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतील प्राण्याला मारण्याचा आदेश देता येत नाही, आणि कोणा हौशी नेमबाजाला त्यात परस्पर उडी घेता येत नाही, हे सगळे शांतपणे सांगायला हवे होते. एअरगनने तितर किंवा ससा मारणे हाही गुन्हाच आहे, हे खेड्यापाड्यांतल्या मुलांना आजही ठाऊक नसते, आणि नांदूरमध्यमेश्वरसारखे रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ज्या जिल्ह्यात आहे तिथे तरी या मुद्द्याला पूर्ण तास मिळाला पाहिजे.

अन्य तक्रारी लहान, पण सांगण्याजोग्या आहेत. तुकडी मोठी असल्यामुळे फायरिंग पॉइंटवर पाळीची वाट फार पाहावी लागते. कानांना लावायची संरक्षक साधने जुनी आणि सैल होती. पॉइंट टू टूचा आवाज कमी असला, तरी ती बदलायला हवीत. टिपणे इंग्रजीत दिली जातात, वास्तविक सुभेदारसाहेब वर्गात जे स्वच्छ मराठीत समजावतात तेच छापले तरी पुरेसे आहे. जाहिरातीच्या फलकावर दुर्बिणीच्या काट्यांत उभा असलेला काळवीट रंगवला आहे, आणि आत जे शिकवले जाते त्याच्या तो पूर्ण विरुद्ध आहे. त्या जागी १२ मिलिमीटरचे वर्तुळ छापावे, अशी लेखी सूचना मी चालकांना दिली आहे.

सुरक्षिततेबाबत मात्र एकही शंका घ्यायला जागा नाही. बोल्ट (काडतूस आत बसवणारा रायफलचा दांडा) उघडा, नळी मैदानाकडे, आणि नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, हे नियम मोडणाऱ्याला त्या दिवसापुरते बाहेर बसवले जाते, मग तो कोणाचाही मुलगा असो. शस्त्र आणि काडतुसे केंद्राचीच वापरावी लागतात आणि प्रत्येक काडतुसाची नोंदवहीत स्वाक्षरीनिशी नोंद होते. प्रवेशासाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, अठरा वर्षांखालील मुलांसोबत पालक असावे लागतात. पावसाळ्यात वर्ग बंद असतो. दिवाळीनंतरची तुकडी निवडावी, कारण सकाळची हवा स्थिर असते आणि दुपारी वारा सुटल्यावर त्याच कागदावर तोच नेमबाज कसा ढासळतो, हे एकाच दिवसात पाहायला मिळते. शक्य असल्यास कानांचे संरक्षक स्वतःचे न्यावेत, आणि त्रिरश्मीच्या सरावासाठी वही, टोपी व पाणी विसरू नये.